आधी गोळी, मग नळी

रायफल-खरेदीच्या बातम्या आल्या की चर्चा ठरावीक वाटेने जाते. किंमत किती, संख्या किती, बनावट देशी की परदेशी, आणि फार तर पल्ला किती. त्या नळीतून जी गोळी सुटणार, तिचा आणि नळीचा मेळ बसतो काय, हे क्वचितच कुणी विचारतो. वास्तविक अचूकतेचे मोठे गणित तिथेच दडलेले असते.

रायफलच्या नळीत आतून सर्पिल खाचा कोरलेल्या असतात. गोळी त्यांत घट्ट बसून पुढे सरकते आणि स्वतःभोवती फिरत बाहेर पडते. भोवरा वेगात असेतो उभा राहतो, वेग मंदावला की डुलू लागतो, गोळीचेही तसेच. हवेचा रेटा तिच्या गुरुत्वमध्याच्या पुढे लागतो आणि तिला उलटवू पाहतो. फिरकी पुरेशी असली तरच टोक पुढे राहते. किती इंचांत खाचेचा एक पूर्ण वेढा होतो, त्यावर ही फिरकी अवलंबून असते. त्यालाच नळीचा पीळ म्हणावे.

१८५७च्या इतिहासातील चरबी लावलेली काडतुसे सर्वांना ठाऊक आहेत. ती ज्या एन्फिल्ड रायफलीची, तिची नळी ३९ इंचांची आणि पीळ ७८ इंचांना एक. म्हणजे गोळी अर्धाच वेढा घेऊन बाहेर पडे. ती जाड व आखूड असल्याने तेवढे पुरे होई. त्याच वर्षी जोसेफ व्हिटवर्थ यांच्या रायफलीने लांब, सडपातळ गोळी आणि २० इंचांना एक असा पीळ घेऊन चाचणीत एन्फिल्डला मागे टाकले. १८७९ मध्ये वुलिचचे गणिताचे प्राध्यापक जॉर्ज ग्रीनहिल यांनी याचा नियम मांडला : व्यासाच्या मानाने गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट हवा. नियमात लांबी आहे, वजन नाही. अनेक जाणकारही इथेच फसतात.

अमेरिकेच्या एम-१६ची कथा या दृष्टीने बोधप्रद आहे. आरंभी पीळ १४ इंचांना एक होता. कडाक्याच्या थंडीत हवा दाट होते, तिथे गोळी डळमळू लागली. म्हणून १९६३ मध्ये तो १२ इंचांवर आणावा लागला. १९८० मध्ये नाटोने बेल्जियमची एसएस-१०९ ही पोलादी टोकाची लांब गोळी स्वीकारली. ती जुन्या नळीतून झाडल्यास हवेतच कोलांट्या खाई. तिला ९ इंचांचा पीळ पुरला असता. पण तिच्या जोडीची, उजळत जाणारी ट्रेसर गोळी जवळपास २९ मिलिमीटर लांब. तिच्यासाठी एम-१६ए-२ला ७ इंचांचा पीळ द्यावा लागला. त्या नळीतून सुटलेली गोळी सेकंदाला पाच हजारांहून अधिक फेरे घेते. अतिरेकही बरा नव्हे. इतक्या फिरकीत पातळ कवचाची हलकी गोळी वाटेतच फुटू शकते.

आता शिसे मागे पडत आहे. २०१० मध्ये अमेरिकी सैन्याने आणलेल्या एम-८५५ए-१ या गोळीत शिशाऐवजी तांबे व पोलाद आहे. हे धातू शिशापेक्षा हलके, म्हणून ६२ ग्रेन हे वजन तेच राहूनही गोळी लांबली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. नळीचेही असेच आहे : गोळी दर दशकात बदलेल, पण एकदा कोरलेला पीळ बदलायचा तर नळीच बदलावी लागते.

भारतापुढील प्रश्न नेमका इथे आहे. सैन्यात ५.५६ मिलिमीटरची इन्सास, ७.६२ बाय ५१ची सिग-७१६ आणि कोरव्याला बनणारी ७.६२ बाय ३९ची एके-२०३ अशा तीन काडतुसांच्या रायफली आहेत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात कंपन्या झाल्या. त्यात इशापूर, तिरुचिरापल्ली येथील बंदुकांचे कारखाने एका कंपनीकडे गेले. वरणगाव, खडकी येथील दारूगोळ्याचे कारखाने दुसरीकडे, म्हणजे पुण्यातील म्युनिशन्स इंडियाकडे. हिशेब वेगळे झाले, याला हरकत नाही. परंतु नळी एकाची आणि गोळी दुसऱ्याची, आणि दोघांना एकत्र बसवण्याची सक्ती कुणावर नसेल, तर त्याची किंमत सीमेवरचा जवान मोजील.

म्हणून रायफलीच्या निविदेत गोळी प्रथम ठरावी : लांबी, धातू, ट्रेसरसह सर्व प्रकार, आणि पुढील वीस वर्षांत येऊ घातलेल्या लांब गोळ्यांसाठी पिळात राखलेली सवड. स्वीकृतीची चाचणी रायफल व काडतूस यांची मिळून व्हावी. आणि ती केवळ लडाखात नको. तिथली हवा थंड असली तरी उंचीमुळे विरळ, त्यामुळे अपुऱ्या पिळाची गोळीही तिथे सरळ जाऊ शकेल. खरी परीक्षा पंजाबच्या सखल मैदानात, पौषातल्या पहाटेच्या दाट हवेत घ्यावी लागेल.