एका डॉलरचा कडेलोट

अमेरिकेत व्यक्तिगत आरोग्यविमा घेणाऱ्यांना हप्त्यापोटी मिळणारे वाढीव सरकारी साहाय्य ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपुष्टात आले. त्यापूर्वी याच प्रश्नावरून तेथील केंद्र सरकारचा कारभार ४३ दिवस ठप्प झाला होता, आणि ११ डिसेंबरला सिनेटमध्ये मुदतवाढीचा प्रस्ताव साठ मतांअभावी अडला. दोन पक्षांमधील साठमारी एवढ्याच दृष्टीने या घटनेकडे पाहणे चुकीचे ठरेल. आरोग्य ही क्रयवस्तू बनली की मध्यम मिळकतीचा माणूस कसा कोंडीत सापडतो, याचा हा वस्तुपाठ आहे.

ही माणसे कोण, हे प्रथम पाहिले पाहिजे. अमेरिकेतील बहुतेक नोकरदारांचा विमा मालकामार्फत येतो. महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, वेतनवाढीवर निर्बंध आले तेव्हा कामगार टिकवण्यासाठी कारखानदारांनी विम्याचे आमिष दाखविले. पुढे करसवलतीने ती प्रथा पक्की झाली. १९६५ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी ६५ वर्षांवरील वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’ आणि गरिबांसाठी ‘मेडिकेड’ आणले. या तिन्ही छत्रांबाहेर उरतो तो छोटा दुकानदार, शेतकरी, स्वतंत्र कारागीर, किंवा साठीत नोकरी गेलेला आणि अद्याप ६५ न गाठलेला गृहस्थ. त्याने विमा बाजारातूनच विकत घ्यायचा.

ओबामा यांच्या २०१० च्या कायद्याने या माणसाला काही दिलासा दिला, हे मान्य केले पाहिजे. पूर्वी मधुमेह वा कर्करोग झालेल्यास कंपन्या सरळ दार बंद करीत. २०१४ पासून त्यास मनाई झाली. परंतु हप्त्यासाठीचे साहाय्य दारिद्र्यरेषेच्या चौपट उत्पन्नापर्यंतच होते. २०२१ साली ही मर्यादा उठविण्यात आली आणि प्रमाण योजनेचा हप्ता उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांहून अधिक पडू नये, अशी तरतूद झाली. तीच आता गेली आहे.

परिणाम काय? २०२६ साठी एकट्या व्यक्तीची मर्यादा ६२,६०० डॉलर वार्षिक उत्पन्नाची आहे. तेवढे उत्पन्न असलेल्या साठ वर्षांच्या माणसाला उत्पन्नाच्या सुमारे दहा टक्के, म्हणजे सव्वासहा हजार डॉलरांच्या आसपास भरावे लागतात; बाकीचा भार सरकार उचलते. त्याची मिळकत एका डॉलरने वाढली की सारे साहाय्य बंद! अनेक राज्यांत या वयाच्या व्यक्तीचा पूर्ण हप्ता महिना हजार डॉलरांहून अधिक आहे. वर्षाचे बारा हजार म्हणजे जवळजवळ एक-पंचमांश मिळकत. हे भरूनही आजारपणात आधी काही हजार डॉलर स्वतःच्या खिशातून घालावे लागतात, ते वेगळेच. जास्तीचे काम अंगावर घेणाऱ्याचा असा कडेलोट करणाऱ्या धोरणाला शहाणपण कोणी म्हणावे?

साहाय्याचे विरोधक म्हणतात की ही तरतूद साथीच्या काळापुरती होती आणि तिचा पैसा अखेर विमा कंपन्यांच्याच तिजोरीत जातो. यातील दुसरा मुद्दा खोटा नाही. कायद्यानुसार या कंपन्यांनी हप्त्यांतील किमान ८० टक्के रक्कम उपचारांवर खर्चावी लागते. उरलेल्या २० टक्क्यांत व्यवस्थापन आणि नफा. हप्ता जितका मोठा, तितका हा पाचवा हिस्साही मोठा. तेव्हा खर्च आटोक्यात ठेवण्याची कळकळ कंपन्यांना का वाटावी? पण साहाय्य काढून घेतल्याने औषध वा शस्त्रक्रिया स्वस्त होत नाही. निरोगी तरुण विमा सोडतात, आजारी मागे राहतात आणि पुढील वर्षीचा हप्ता आणखी चढतो.

रोगाचे मूळ जुने आहे. १९४५ साली अध्यक्ष ट्रुमन यांनी राष्ट्रीय आरोग्यविम्याची योजना मांडली, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने ‘समाजवादी वैद्यक’ असा बागुलबुवा उभा करून ती हाणून पाडली. त्याच सुमारास, १९४८ साली, युद्धाने जर्जर झालेल्या ब्रिटनने अनाइरिन बेव्हन यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय आरोग्यसेवा उभारली. पुढे ओबामांच्या काळात खासगी कंपन्यांशी स्पर्धा करणारी सरकारी विमा योजनाही सिनेटमध्ये वगळावी लागली. म्हणून आज राष्ट्रीय उत्पन्नाचा सहावा हिस्सा आरोग्यावर खर्चूनही तेथे अडीच कोटींहून अधिक माणसे विम्याविना आहेत.

वाढीव साहाय्य परत मिळावे, ही तेथील मागणी न्याय्यच आहे; बुडणाऱ्याला आधी हात द्यावा लागतो. तथापि दुखणे तेवढ्याने बरे होणार नाही.

आपल्यालाही यातून बोध घ्यायचा आहे. उपचाराचा खर्च परवडत नाही म्हणून कोणी उपचारांविना राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ सालीच सांगितले होते. २०१८ पासूनच्या आयुष्मान भारत योजनेतील विमा मात्र रुग्णालयात दाखल होणाऱ्यांपुरताच आहे. रोजच्या औषधपाण्याचा, बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च कुटुंबावरच पडतो. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नसेल, तर हातातील विम्याचे कार्ड काय कामाचे? कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यात हा प्रश्न विचारीत राहिले पाहिजे. अमेरिकेने ऐंशी वर्षे चालून पाहिलेली वाट कोठे जाते, हे आता समोर आहे.