कोंबडीचे पोट बिघडले तर

घरामागच्या परसात चार-सहा कोंबड्या पाळणारी घरे आपल्यात पुष्कळ आहेत. अंडी लेकरांच्या तोंडी लागतात, उरलेली विकून वह्या-पेन्सिलींचा खर्च निघतो. म्हणून एक कोंबडी गेली तरी कष्टकऱ्याच्या घरी ते नुकसानच असते.

मागे आमच्याकडची एक तलंग पिसे फुगवून कोपऱ्यात बसू लागली. उष्णता झाली असेल, असे समजून आम्ही वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी ती मेली. कापून पाहिली तर गळ्याखालच्या पिशवीत सुतळी आणि प्लॅस्टिकचा गोळा निघाला. वेळीच हात लावून पाहिले असते तर कळले असते. तेव्हापासून आम्ही ती सवयच लावून घेतली.

कोंबडीला दात नसतात. टिपलेला दाणा आधी गळ्याखाली, छातीच्या उजव्या अंगाला असलेल्या पिशवीत साठतो. तेथून तो पुढे जातो आणि खड्यांच्या मदतीने दळला जातो. संध्याकाळी ही पिशवी भरलेली आणि सकाळी दाणे टाकण्यापूर्वी रिकामी असली पाहिजे. सकाळीही ती टणक लागली तर खाणे अडकले असे समजावे. पाणी भरल्यासारखी लिबलिबीत लागून चोचीला आंबूस वास आला तर आतले अन्न आंबले आहे.

अशा कोंबडीला वेगळ्या डालग्याखाली ठेवावे. एक दिवस दाणे बंद, पाणी मात्र हवेच. टणक पिशवी बोटांनी हलके हलके चोळावी. काही लोक कोंबडी उलटी धरून पिळतात, तसे मुळीच करू नये. पाणी श्वासनळीत जाऊन ती गुदमरते. दुसऱ्या दिवशीही फरक नसेल, किंवा अन्न आंबलेले असेल, तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

आता विष्ठेकडे पाहू. घट्ट विष्ठा, वर पांढरा थर, ही निरोगी कोंबडीची खूण. दिवसातून एक-दोनदा तपकिरी, चिकट, घाण वासाची विष्ठा पडते, तिला घाबरू नये. उन्हाळ्यात पाणी जास्त प्याल्यानेही विष्ठा पातळ होते. पण विष्ठेत रक्त दिसले, आणि पिल्ले तीन ते आठ आठवड्यांची असली, तर ती रक्ती हगवण असण्याचा संभव मोठा. ओल्या, उबदार खुराड्यात तिचे जंतू वाढतात. ओला भुसा काढून कोरडा घालावा, पाण्याचे भांडे विटेवर ठेवावे म्हणजे त्यात घाण पडत नाही. औषध पाण्यातून देतात, ते डॉक्टरांना विचारूनच द्यावे. विष्ठेत पांढरे लांब जंत दिसले तर जंताचे औषधही त्यांच्याकडूनच घ्यावे. औषध चालू असता अंडी किती दिवस खाऊ नयेत, हेही विचारून घ्यावे.

हिरवी पातळ हगवण, धाप, मान वाकडी होणे आणि एकामागून एक कोंबड्या मरणे, ही मानमोडीची लक्षणे. तिलाच राणीखेत म्हणतात. काही ठिकाणी अजून 'नजर लागली' म्हणून उतारा टाकतात. मानमोडी हा विषाणूचा रोग आहे. उताऱ्याने तो जात नाही आणि एकदा झाला की त्यावर औषधही नाही. उपाय एकच, लस. पिल्लाला पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब टाकून एक लस देतात, पुढे सहा ते आठ आठवड्यांनी टोचून दुसरी. शेजारच्या चार घरांनी मिळून पिल्ले नेली तर लसीची एक बाटली सगळ्यांना पुरते.

पुष्कळ कोंबड्या एकाएकी मेल्या तर त्या खाऊ नयेत, नाल्यात टाकू नयेत, उघड्या हातांनी धरू नयेत. दवाखान्याला लगेच कळवावे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लूची साथ आली होती, तिची आठवण ठेवावी.

खाण्याची शिस्तही पाळावी. बुरशी आलेली भाकरी, आंबलेला भात, खारट लोणच्याचा खार कोंबडीपुढे टाकू नये. ज्वारी, बाजरी, कणी, कोंडा आणि हिरवा पाला द्यावा. पाला बारीक चिरावा, कारण लांब गवत पिशवीत गुंतते. जवळ बारीक खडे आणि शिंपल्याचा चुरा ठेवावा. सुतळी, दोरे, प्लॅस्टिक आवारातून रोज वेचावे. हे काम लेकरांना सांगावे, ती आनंदाने करतील.

आणि रोज सकाळी खुराडे उघडताना प्रत्येकीच्या गळ्याखाली बोट फिरवावे. त्याला पैसा लागत नाही. आमची तलंग गेली, तुमची जाऊ नये.