भाद्रपदातील उपवास आणि उरलेले अकरा महिने

भाद्रपद जवळ आला, की साकोलीच्या परिसरातील बांध्यांमधली रोवणी आटोपलेली असते. धानाची रोपे मूळ धरू लागतात, बोड्या आणि जुने मालगुजारी तलाव काठोकाठ भरतात, आणि शेतकऱ्याच्या घरातील जुन्या धानाची कोठी मात्र तळाला गेलेली असते. नेमके याच दिवसांत आमचे पर्युषण येते. ज्या ऋतूत या मुलखातील गरिबाने पिढ्यान्‌पिढ्या नाइलाजाने अर्धपोटी दिवस काढले, त्याच ऋतूत सुस्थितीतील माणूस स्वेच्छेने अन्न वर्ज्य करतो. हा योगायोग आम्हा जैनांनी अंतर्मुख होऊन पाहावा असा आहे.

साकोली हे काही जैनांचे तीर्थक्षेत्र नव्हे. नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरील हे तालुक्याचे गाव. एका अंगाला नागझिऱ्याचे अरण्य, दुसऱ्या अंगाला नवेगावबांधचा जलाशय. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात जैनांची संख्या सुमारे १४ लाख, म्हणजे देशातील जैनांच्या जवळजवळ एक तृतीयांश आहे. परंतु झाडीपट्टीत आमची घरे तुरळकच. त्यामुळे येथील जैनाचा सण शेजाऱ्याच्या सणाला लागूनच साजरा होतो. श्वेतांबरांचे पर्युषण बहुधा श्रावण वद्य द्वादशीस सुरू होऊन भाद्रपद शुद्ध चतुर्थीस संपते. म्हणजे पोळा बरोबर त्याच्या मध्यावर येतो. शेतकरी आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी करतो, पोळ्याला त्यांच्या मानेवर जू ठेवीत नाही. आणि उपाश्रयात त्याच सुमारास जीवदयेची प्रवचने चालू असतात. दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, गल्लीतील मुले लाकडी बैल घेऊन दारोदार हिंडतात, तेव्हा कल्पसूत्रातील महावीरजन्माचे वाचन होते. संवत्सरी गणेशचतुर्थीला येते. ऋषिपंचमीला दिगंबरांचे दशलक्षण पर्व आरंभते आणि अनंत चतुर्दशीला त्याची सांगता होते.

ऋषिपंचमीची गंमत तर पाहण्यासारखी आहे. त्या दिवशी शेजारच्या माउली बैलाच्या श्रमाचे अन्न खात नाहीत. अळू, सुरण अशा परसातल्या जिनसांची भाजी रांधतात. जैन स्वयंपाकघरात कंदमुळाला थारा नाही. एकीला जे व्रताचे म्हणून चालते ते दुसरीला व्रतासाठीच वर्ज्य. तरीही दोघींचा हेतू एकच, की आपल्या घासापायी दुसऱ्या जिवाला कमीत कमी यातना व्हाव्यात. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण मराठी माणसाने स्वतःवर मोठ्या खिलाडूपणे केली आहे. जैन उपवासात साबुदाणा, शेंगदाणे, रताळी यांची सोय नाही. तिविहार उपवासात सूर्यास्तापूर्वी उकळून निववलेले पाणी तेवढे चालते, आणि चौविहारात तेही नाही. या कठोरपणाचा आम्हाला अभिमान वाटतो. पण अभिमान आला, की तप संपले.

खेद वाटतो तो याच ठिकाणी. अलीकडे तपश्चर्या ही मोजदादीची गोष्ट झाली आहे. कोणाची अठ्ठाई, कोणाचे मासखमण, कोणाचे सोळा उपवास यांचे फलक लागतात, वाजतगाजत मिरवणुका निघतात, तपस्व्याचे छायाचित्र छापून येते. तपस्व्याची अनुमोदना करणे हा आमचा जुना आचार आहे, तो मी नाकारीत नाही. तथापि शास्त्राने तपाचे बारा प्रकार सांगितले; सहा बाह्य, सहा आभ्यंतर. अनशन, म्हणजे उपवास, हा त्यांतील केवळ पहिला. लगेच दुसरा येतो तो ऊनोदरी, म्हणजे भुकेपेक्षा दोन घास कमी खाणे. पुढे आभ्यंतर तपात प्रायश्चित्त, विनय, सेवा, स्वाध्याय, ध्यान आणि उत्सर्ग. ऊनोदरीची मिरवणूक कोणी काढल्याचे ऐकिवात नाही. दशलक्षणातील दहा धर्मांतही क्षमेला पहिले स्थान आहे. तपाचा क्रमांक सातवा लागतो.

शिवाय दिगंबर परंपरा भाद्रपदभर ज्या सोळा भावनांचे चिंतन करते, त्यांत त्याग आणि तप या दोहोंना ‘शक्तीप्रमाणे’ हे विशेषण जोडलेले आहे. हा शब्द तत्त्वार्थसूत्रात उगाच आलेला नाही. २०१६ साली हैदराबादेत तेरा वर्षांच्या एका मुलीने अडुसष्ट दिवसांचे उपवास केले, आणि पारण्यानंतर अवघ्या काही दिवसांत ती मरण पावली. त्या वेळी समाजात दोन तट पडले. श्रद्धेत कोणी हस्तक्षेप करू नये, असे एका पक्षाचे म्हणणे होते. परंतु उपवासाचे पच्चक्खाण गुरूंपुढे घ्यावे लागते, ते कशासाठी? उत्साही जिवाची शक्ती जाणत्याने पाहावी आणि प्रसंगी ‘नको’ म्हणावे, यासाठीच ना? लहान मुलांच्या बाबतीत हा नकार देणे हे आई-बाप आणि साधू या सर्वांचे कर्तव्य आहे, आणि त्यात धर्माला कोठेही उणेपणा येत नाही.

वर्षाकडे पाहिले तर असे दिसते, की परंपरेने संयम एकाच महिन्यात कोंबलेला नाही. चैत्रात आणि आश्विनात नऊ-नऊ दिवसांची आयंबिल ओळी येते. दिवसातून एकदाच जेवायचे, आणि त्यातही दूध, दही, तूप, तेल, गूळ, मसाला, हिरवी भाजी काही नाही. केवळ उकडलेले धान्य. हे मला उपवासाहूनही अवघड वाटते. ताट समोर असते, पोटात भूक असते, आणि जिभेला मात्र काही मिळत नाही. धानाच्या मुलखात याला एक वेगळाच अर्थ येतो. बिनफोडणीचा, बिनतुपाचा भात हे कित्येक मजूर घरांचे रोजचे अन्न होते. आम्ही ज्याला रसत्याग म्हणून गौरवितो तो त्यांच्या वाट्याला न मागता आलेला असे.

वैशाखातील अक्षय्य तृतीया हा पारण्याचा दिवस. आदिनाथ ऋषभदेव दीक्षेनंतर वर्षाहून अधिक काळ अन्नावाचून हिंडले, ते लोकांच्या मनात श्रद्धा नव्हती म्हणून नव्हे. लोक त्यांना हत्ती देऊ करीत, घोडे देऊ करीत, रत्ने पुढे करीत. भिक्षूला अन्न द्यायचे असते, हेच कोणाला ठाऊक नव्हते. अखेर हस्तिनापुरात श्रेयांसाने उसाचा रस दिला. वर्षीतपाचे पारणे आजही उसाच्या रसाने होते. परंतु या कथेतील देणाऱ्यांच्या अज्ञानाकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

श्रुतपंचमी, ज्ञानपंचमी, मौन एकादशी, वर्षातून तीनदा येणारी अष्टाह्निका, यांचा येथे केवळ नामनिर्देश करतो. दीपावलीला मात्र थांबले पाहिजे, कारण विदर्भाचा तिच्याशी एक विशेष संबंध आहे. महावीरांच्या निर्वाणाला २५०० वर्षे झाली म्हणून १९७४ मध्ये देशभर महोत्सव झाला, तेव्हा पवनारच्या विनोबांच्या प्रेरणेने सर्व जैन पंथांना मान्य असा ‘समणसुत्तं’ हा ७५६ गाथांचा संग्रह सिद्ध झाला. पुढे १५ नोव्हेंबर १९८२ रोजी विनोबांनी अन्न, औषध सोडून देह ठेवला, तो दिवस दीपावलीचा, महावीरनिर्वाणाचाच होता. जन्माने जैन नसलेल्या या पुरुषाने व्रताचा अर्थ असा निमूटपणे जगून दाखविला.

व्रत हे स्वतःचे असते, आणि स्वतःपुरतेच असते. हा मुद्दा आज स्पष्टपणे मांडण्याची गरज आहे. पर्युषणात कत्तलखाने बंद ठेवण्याचा अहमदाबाद महापालिकेचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये वैध ठरविला, हे खरे. २०१५ मध्ये मुंबई आणि मीरा-भाईंदर येथे मांसविक्रीच्या बंदीवरून जो कटू वाद माजला तोही आपण पाहिला. कायदा काय अनुमती देतो हा एक प्रश्न, आणि धर्माला काय शोभते हा दुसरा. साकोलीच्या तलावांवर ढिवर बांधव जाळे टाकून पोट भरतात. त्यांच्या आठ दिवसांच्या मिळकतीवर टाच आणून माझी अहिंसा कशी वाढणार? माझ्या आचरणाने त्यांच्यातील एखाद्याचे मन पालटले तर तो धर्म. फर्मानाने त्याचे जाळे सुकत पडले, तर उपवास त्याला घडला, मला नव्हे.

चातुर्मासाचे मूळही आठवावे. पावसात भूमी जिवांनी भरून जाते. पायाखाली ते चिरडू नयेत म्हणून मुनी चार महिने एका ठायी राहतात. जगाने चालणे थांबवावे असे त्यांनी कधी म्हटले नाही. त्यांनी आपली पावले आवरली. रोवणीच्या चिखलात बेडूक, खेकडे, गांडुळे यांच्यामधून दिवसभर वावरणाऱ्या बाईला कोणी हिंसक ठरविले नाही, आणि तिने रोवलेल्या धानावरच आमची पारणी होतात.

क्षमापनेविषयीही थोडे लिहिले पाहिजे. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्‌’, दिगंबरांच्या क्षमावणीला भाद्रपद वद्य प्रतिपदेस ‘उत्तम क्षमा’. पूर्वी याची कार्डे छापली जात, आता दूरध्वनीच्या पडद्यावरून एका क्षणात पाचशे जणांना संदेश जातो. या पाचशेंमध्ये ज्यांचा आपण खरोखर अपराध केला अशी माणसे किती असतात? श्रावकाच्या अचौर्य व्रताचे जे दोष तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत कमी-अधिक वजनमाप आणि भेसळ यांचा स्पष्ट उल्लेख आहे. हे दोष उपाश्रयात घडत नाहीत, दुकानाच्या गादीवर घडतात. म्हणून माझी सूचना अशी, की यंदा क्षमेचा पहिला शब्द नागपूर-रायपूरच्या आप्तांना न पाठवता दुकानातील हमालाला, धान आणणाऱ्या शेतकऱ्याला, घरात भांडी घासणाऱ्या बाईला, समोर उभे राहून म्हणावा. त्यांना प्राकृत कळणार नाही. साध्या मराठीत म्हणावा. आणि ज्याचा हिशेब चुकता करायचा राहिला असेल त्याची वही त्या वेळी हाताशी असावी. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास उठेल, त्याच्या आगेमागेच नव्या धानाची पोती बाजारात येतील. तराजू पारखून घेण्यास तोपर्यंत दोन महिने आहेत.