प्रवेशाची घाई कोणाच्या सोयीची?

बारावीचा निकाल लागण्याआधीच विद्यार्थ्यास विद्यापीठात जागा मिळावी काय, हा प्रश्न आता केवळ परदेशचा राहिलेला नाही. आपल्या देशातील कित्येक खासगी विद्यापीठे परीक्षेच्या आधीच अर्ज मागवितात, जागा देऊ करतात आणि ती राखून ठेवण्यासाठी पैसे भरावयास सांगतात. उलट सार्वजनिक विद्यापीठांचे प्रवेश कधीकधी पावसाळा सरत आला तरी संपत नाहीत. २०२२ मध्ये केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा निकाल सप्टेंबरच्या मध्यास लागला. चतुर्थी होऊन पंधरवडा लोटला तरी मुले घरीच बसून होती. अशा अनिश्चिततेत पालक धास्तावतो आणि हाती आलेली जागा जाऊ नये म्हणून कर्ज काढूनही पैसे भरतो. या धास्तीवर कोणाची तरी तिजोरी भरते, हे सांगावयास नकोच.

तेव्हा सार्वजनिक विद्यापीठांनीही आपले दार लवकर उघडावे, या मागणीत तथ्य आहे. प्रश्न आहे तो अटींचा. अमेरिकेत आगाऊ प्रवेशाची एक पद्धत अशी की, होकार मिळाला की विद्यार्थी त्याच विद्यापीठाशी बांधला जातो. खर्चाची तुलना करण्याची गरज नसलेल्या घरांनाच ती परवडते. आगाऊ प्रवेशाचा लाभ सुस्थितीतील मुलांनाच होतो, असे सांगून हार्वर्ड व प्रिन्स्टन या विद्यापीठांनी २००६ मध्ये तो बंद करण्याचे ठरविले. २०११ मध्ये दोघांनीही तो पुन्हा सुरू केला. परंतु प्रिन्स्टनने पूर्वीचे बंधन मात्र परत आणले नाही. यातील बोध आपण घ्यावा असे आम्हांस वाटते.

आपल्याकडे तो कसा लागू पडतो, हे पाहावयाचे तर पेडणे तालुक्यातील तेरेखोलकडे पाहावे. गाव गोव्याचे, पण नदीच्या पलीकडच्या तीरावर, सिंधुदुर्गाला लागून. तेथील मुलाने पेडण्यास यावयाचे तर फेरीबोटीने केरीस उतरावे, नाहीतर महाराष्ट्रातून आरोंद्यावरून वळसा घालावा. त्याला विर्नोड्याचे सरकारी महाविद्यालय आहे, तसे सावंतवाडीचेही आहे; एक गोवा विद्यापीठाचे, दुसरे मुंबई विद्यापीठाचे. दोन्हींकडच्या तारखा मात्र जुळत नाहीत. २०२५ मध्ये गोव्याचा बारावीचा निकाल २७ मार्चला लागला, महाराष्ट्राचा ५ मे रोजी. एप्रिलमध्येच एकीकडे पैसे भरून बांधून घ्यावे लागले, तर दुसरीकडची वाट पाहणे त्याला परवडणार नाही. ज्याच्या वडिलांना दोन्हीकडे पैसे भरता येतात तो मात्र खुशाल थांबेल. गुणवत्ता सारखी असूनही निवडीचा अधिकार एकालाच उरावा, हा कोणता न्याय?

१९६२ मध्ये गोव्यात पहिली कला-विज्ञान महाविद्यालये निघाली आणि १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ स्थापन झाले. त्याआधी उच्च शिक्षणासाठी बेळगाव, कोल्हापूर, मुंबई गाठावी लागे व ज्याच्या घरी ऐपत तोच जाई. ती ऐपतीची कसोटी आता तारखांच्या आडून परत येऊ नये.

म्हणून आमचे म्हणणे असे. आगाऊ प्रवेश द्यावा, पण तो हंगामी असावा व त्यासाठी एक पैसाही घेऊ नये. शुल्क भरण्याची मुदत शेजारच्या राज्याचा निकाल लागल्यानंतरच संपावी. सर्व जागा पहिल्याच फेरीत वाटून न टाकता पुरेशा जागा उशिरा येणाऱ्यांसाठी राखाव्यात. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवू नयेत आणि प्रवेश रद्द केल्यास शुल्क परत करावे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच बजावले आहे. त्याची अंमलबजावणी प्रत्येक महाविद्यालयाच्या फलकावर दिसली पाहिजे. अर्जाची माहिती उच्च माध्यमिक विद्यालयातच, मराठीतून, परीक्षेपूर्वी मिळावी.

हे करण्यास नवा कायदा लागत नाही. दोन विद्यापीठांच्या अधिकाऱ्यांनी एकत्र बसून तारखा जुळविल्या तरी पुष्कळ काम होईल. दार लवकर उघडणे हा उपकार खरा. पण आत आलेल्याला कोंडणे आणि मागून येणाऱ्याच्या तोंडावर ते लावून घेणे, याला प्रवेश म्हणता येणार नाही.