लेट्यूस सोडा, मायाळू लावा!

रीलमधलं हायड्रोपोनिक्स भारी दिसतं. पांढरे पाइप, हिरवंगार लेट्यूस आणि मातीचा एक डाग नाही. परीक्षा संपली, गच्ची रिकामी आहे, म्हणजे तुम्हीही किट मागवायच्या बेतात असाल. थांबा जरा! ती रील बहुतेक वेळा एसी खोलीतली किंवा थंड देशातली असते. तुमची गच्ची नागपूरची, जळगावची नाहीतर सोलापूरची. मे महिन्यात तिथे पारा चाळिशी सहज ओलांडतो.

उन्हात आधी बिघडतं ते पाणी. मुळांना श्वासासाठी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लागतो आणि पाणी तापलं की तो कमी होतो. 20 अंशांच्या लिटरभर पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 35 अंशांना जेमतेम 7. त्यात मुळांची भूक मात्र उष्णतेने वाढलेली. मग मूळकूज लागते, पांढरी मुळं तपकिरी, बुळबुळीत होतात आणि पाण्यात उभं असलेलं रोप चक्क सुकतं. पाइपमध्ये पाण्याचा थर पातळ, तो तर पटकन तापतो. भर दुपारी लाइट गेली, पंप थांबला की खेळ खल्लास.

म्हणून ‘हे सगळं फॅड आहे’ म्हणायचं का? मला नाही पटत. शोल्टो डग्लस यांनी 1946 मध्ये कालिम्पाँगला हेच तंत्र वाळू-खडीवर, स्वस्तात बसवलं होतं. चुकते ती आपली नक्कल.

माठातलं पाणी गार का राहतं, हे शाळेत शिकलोय ना? तेच वापरा. झाकणाची मोठी बादली घ्या, तिला ओलं गोणपाट गुंडाळा आणि कठड्याच्या सावलीत विटांवर ठेवा. वर 50 टक्के सावलीची शेडनेट बांधा. मुंबई-कोकणात हवा दमट, तिथे गोणपाटाचा फार उपयोग नाही, भिस्त सावलीवरच. उन्हात रोपं खतापेक्षा पाणी जास्त ओढतात, म्हणून द्रावण थोडं पातळ ठेवा आणि घट साध्या पाण्याने भरा. पण काठोकाठ नको. वरची मुळं हवेत राहिली, तरच ती श्वास घेतील.

आणि लेट्यूस? उन्हाळ्यात ते लगेच तुऱ्यावर येतं, पानं कडू होतात. त्यापेक्षा मायाळूची काडी लावा. ती पाण्यात सहज मुळं धरते आणि उकाड्यात जोमाने वाढते. लाल माठ, राजगिराही उष्णता सोसतात. मायाळूच्या भज्यांना रीलवर लाइक्स कमी मिळतील, पण निदान ताटात काहीतरी पडेल!

तेव्हा किटवर हजारो रुपये घालण्याआधी एक साधा थर्मामीटर आणा. दुपारी तीन वाजता गच्चीवर ठेवलेल्या बादलीतलं पाणी मोजा. 30 अंशांच्या वर गेलं, तर आधी सावलीचं बघा. रोपं नंतर.