चकतीचा व्रण भरतो, चकती नव्हे

शस्त्रक्रिया झालेल्या श्वानाची 'पाठीतली गादी पुन्हा भरून यावी' म्हणून औषध मागणारे पशुपालक आता आपल्या चिकित्सालयांत व औषधालयांतही येऊ लागले आहेत. त्यांना गुग्गुळकल्पाची डबी देऊन बोळवण करण्यापूर्वी वैद्यबंधूंनी थोडा विचार करावा, असे वाटते.

डॅशहुंडसारख्या आखूड पायांच्या जातींत चकतीचा मऊ गाभा पहिल्या वर्षातच कोरडा पडून त्यात चुना साचू लागतो. बाराव्या गुणसूत्रावर शिरलेल्या एका जनुकाच्या जादा प्रतीशी याचा संबंध असल्याचे २०१७ साली दाखवले गेले. हा गाभा तंतुमय कडे फोडून मज्जारज्जूवर आदळला की मागील पाय लुळे पडतात. शल्यचिकित्सक मणक्याच्या कमानीची एक बाजू उघडून तो बाहेर काढतो. यामुळे दाब हटतो. चकती मात्र दुरुस्त होत नाही.

प्रौढ चकतीच्या आत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. लगतच्या मणक्यांतून झिरपणाऱ्या द्रवावरच तिचे पोषण चालते. त्यामुळे निघून गेलेला गाभा पुन्हा निर्माण होत नाही. कड्यातील छेद तंतुमय ऊतींनी हळूहळू सांधला जातो आणि दोन मणक्यांतील अंतर बहुधा कमी होते. आपल्या परिभाषेत हे व्रणरोपण झाले, नवनिर्मिती नव्हे. श्वान पुन्हा चालू लागतो तो मज्जारज्जू सावरल्यामुळे. त्याचे श्रेय आपल्या डबीने घेऊ नये!

याहून गंभीर प्रश्न विलंबाचा आहे. मागील पायाच्या बोटाला जोराचा चिमटा घेतल्यावर वेदना जाणवत असेल, तर शस्त्रक्रियेनंतर दहांपैकी सुमारे नऊ श्वान चालू लागतात. ती जाणीव हरपली असल्यास जेमतेम निम्मे. अशा रुग्णास 'आठवडाभर औषध देऊन पाहू' असे सांगणे मला सर्वथा अमान्य आहे. शिवाय १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमाने पशुचिकित्सा नोंदणीकृत पशुवैद्यकाकडेच सोपवली आहे.

औषधालयचालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. वातव्याधीत आपण सहज योजतो तो लसूण श्वानाच्या रक्तकणांचा नाश करू शकतो, तर द्राक्षे व मनुका त्याच्या वृक्कांना घातक ठरू शकतात. म्हणून रसोनकल्प किंवा द्राक्षासव श्वानासाठी कदापि देऊ नये. शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते सहा आठवडे उड्या व जिने वर्ज्य करून मर्यादित जागेत ठेवणे, वजन आटोक्यात राखणे आणि पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली व्यायाम देणे, एवढे पशुपालकास निःशंकपणे सांगता येते. त्यासाठी डबी विकावी लागत नाही.