आभाळ, धुकें आणि शेतकरी

थंडीचे दिवस सुखाचे, असें ज्यांच्या अंगावर शाल आणि कणगींत धान्य आहे ते खुशाल म्हणोत. नंदुरबार जिल्ह्यांतील शेतकरी, मजूर आणि कारूनारू यांस मार्गशीर्षापासून माघापर्यंत आभाळाकडे डोळे लावूनच बसावें लागतें. आज कडाका, उद्यां ढग, परवां धुकें आणि मध्येंच पावसाची सर, अशी या हंगामाची चाल आहे. ती अशी कां, आणि तींतून आपला बचाव कसा करावा, हें आज वाचकांपुढें मांडावयाचें आम्हीं योजिलें आहे.

दिवसा जमीन तापते व रात्रीं ती ऊब वर निघून जाते. ढग म्हणजे जमिनीवर घातलेली गोधडीच. ती असली कीं ऊब खालीं राहते, नसली कीं जमीन उघडी पडून गारठते. हे ढग येतात कोठून? भूमध्य समुद्राकडून निघणारे वाऱ्यांचे भोंवरे, ज्यांस हवामानशास्त्रांत पश्चिमी विक्षोभ म्हणतात, पंजाबांत पाऊस आणि हिमालयांत बर्फ पाडीत पूर्वेकडे जातात. त्यांचें शेपूट खानदेशावर आलें म्हणजे आपल्याकडे आभाळ भरतें. त्यांत अरबी समुद्राची ओल मिसळली तर पाऊसहि पडतो. ते पुढें सरकले, आभाळ निवळलें आणि उत्तरेचा वारा सुटला, कीं एकदोन रात्रींत पारा उतरतो. म्हणून ढगाळ रात्रीची ऊब पाहून ‘थंडी गेली’ असें कोणी समजूं नये. बहुतेक वेळां ती परत येण्याच्या वाटेवर असते. पावसानें भिजलेली भुई, निरभ्र रात्र आणि पडलेला वारा, हे तिन्ही जुळले कीं पहांटे तापीकांठी धुकें ठरलेलें.

आमचा जिल्हा 1998 सालीं धुळ्यापासून निराळा झाला, तरी त्याची हवा कांहीं एक नाहीं. शहादें-तळोद्याची सपाटी वेगळी आणि 1,100 मीटरांहून उंच असलेलें तोरणमाळ वेगळें. अक्कलकुवा तालुक्यांत डाबच्या बाजूस कडाक्याच्या रात्रीं दंव गोठून गवतावर पांढरा थर बसतो. तेव्हां नंदुरबार शहराचा पारा सांगून सातपुड्यांतील पाड्याचें भागत नाहीं.

थंडी सर्वांची वैरीण आहे असेंहि नव्हे. गव्हाला फुटवे येतात ते थंडीनेंच, आणि आपली दादर तर दंवावर पोसते. पण केळीस दहाबारा अंशांखालची थंडी सोसत नाहीं. पानें पिवळीं पडतात, घड पोसत नाहींत. अशा वेळीं रात्रीं विहिरीचें पाणी द्यावें, कारण तें हवेपेक्षां उबदार असतें. वाऱ्याच्या बाजूस ओल्या पाल्याचा धूर करावा आणि घड झांकून घ्यावे. आभाळ भरून राहिलें तर हरभऱ्यावर घाटेअळी वाढते. रोज सकाळीं एक फेरी मारून अळी वेळींच टिपावी, शेतांत पांखरांना बसावयास काठ्या रोवाव्या. आंब्याच्या मोहोरास धुकें बाधतें, भुरी पडते. हें नुकसान बागाइतदाराचेंच आहे असें कोणी मानूं नये. धडगांवकडील आदिवासी घरांची आमचुराची कमाई त्याच मोहोरावर आहे.

सर्वांत हाल मिरचीचे. नंदुरबारची लाल मिरची उघड्या पथारीवर वाळते. 2023 च्या नोव्हेंबर अखेरीस उत्तर महाराष्ट्रावर अवकाळी पाऊस व गारा कोसळल्या, ती आठवण अजून ताजी आहे. पथारी भिजली कीं व्यापाऱ्याचा माल जातो, हें सर्वांस दिसतें. पण देंठ खुडणाऱ्या बाईची मजुरी बुडते, ती कोणाच्या पंचनाम्यांत येत नाहीं. आणि जीं कुटुंबें याच दिवसांत ऊस तोडावयास गुजरातेंत जाऊन प्लास्टिकच्या कागदाखालीं रात्र काढतात, त्यांचा पारा कोण मोजतो?

हवामानाचें ज्ञान सरकाराजवळ नाहीं असें नाहीं. हवामान खातें 1875 पासून आहे. महावेध योजनेखालीं 2017 पासून महसूल मंडळांत आपोआप नोंद करणारीं यंत्रें बसलीं. जिल्हावार कृषि हवामान केंद्रेंहि निघालीं होतीं; तेथील जाणते लोक हवा पाहून पिकाचा सल्ला देत. देशांतील अशीं 199 केंद्रें 2024 सालीं बंद करण्यांत आलीं. काटकसर करावयाची होती तर ती गरिबाच्या सल्ल्यावरच कां? पावसाची खबर दोन दिवस आधीं मिळाली तर एका ताडपत्रींत वर्षाची कमाई वांचते. ती न मिळाली तर पुढें भरपाईसाठीं कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

म्हणून आमचें मागणें साधें आहे. खबर तालुकावार आणि डोंगराची व सपाटीची निरनिराळी असावी. ती भिलोरी, पावरी, मावची आणि अहिराणी बोलींत पाड्यापर्यंत जावी. बाजारांत पथारीशेजारीं ताडपत्र्यांची आणि आडोशाची सोय असावी. आश्रमशाळांतील प्रत्येक लेंकरास कांबळें आणि आंघोळीस ऊन पाणी कडाका पडण्यापूर्वीं मिळावें. जानेवारी सरल्यावर आलेलें कांबळें काय कामाचें?

आणि सरकार हालेपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसावें काय? संक्रांत कोणत्या वाहनावर बसून आली हें पंचांग सांगेल, पण परवां पथारी झांकावी कीं नाहीं हें त्यांत लिहिलेलें नसतें. गांवोगांवच्या शाळेंत एक साधा तापमापक टांगावा. मुलांनीं रोज सकाळीं पारा, वारा, ढग आणि धुकें यांची नोंद फळ्यावर व वहींत करावी. बापानें शेताकडे जातां जातां ती लेंकराकडून ऐकावी. पांचदहा वर्षांत त्या वहीवरून आपल्या शिवाराची हवा आपणांस कळूं लागेल, आणि कचेरींत भरपाई मागतांना हातांत पुरावा असेल. आभाळ आपल्या हातीं नाहीं. पण त्याची वही ठेवणें आपल्या हातीं आहे, आणि तें काम या हिंवाळ्यापासूनच सुरू व्हावें.